झाकलेला निळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची नात अंबाजोगाईला आमच्याकडे आठ दिवस राहून गेली. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ती नुकतीच देऊन आली होती. जाताना तिची रंगांची पेटी, दोन कुंचले आणि जाड कागदाची अर्धी वही आमच्या टेबलावरच राहिली. ती विसरली की मुद्दाम ठेवून गेली, हे आम्ही अद्याप ठरवू शकलेलो नाही. सेवानिवृत्तीनंतर आजोबांचा वेळ जात नाही अशी तिची समजूत आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नाही.

आमचे मूळ गाव वसईचे. नोकरीने आम्हांला १९८४ साली बालाघाटाच्या डोंगरात आणून सोडले आणि पुढे इथलेच करून टाकले. तेहतीस वर्षे मराठी व इतिहास शिकविला. चित्रकलेच्या तासाला मात्र आम्ही कधी उभे राहिलो नाही. वयाची पासष्टी उलटल्यावर प्रथमच हातात कुंचला धरणाऱ्या माणसाची जी फजिती व्हायची ती आमची झाली. तिचे वर्णन करून वाचकांची करमणूक करावी एवढाच या लेखाचा आरंभीचा हेतू होता. लिहिता लिहिता विषय दुसरीकडे गेला. तो का गेला, हे पुढे कळेल.

पेटीतील ट्यूबांवर ‘ग्वाश’ असा शब्द होता. शाळेत ज्याला पोस्टर कलर म्हणतात त्याचा हा थोरला भाऊ म्हणावा. जलरंगच, परंतु अपारदर्शक. साध्या जलरंगात खालच्या कागदाचा पांढरेपणा रंगातून दिसत राहतो. ग्वाशमध्ये रंगद्रव्याचे प्रमाण अधिक, कधी त्यात खडूसारखी पांढरी भुकटीही मिसळलेली, त्यामुळे तो खालचे सारे झाकून टाकतो. बांधून ठेवणारे द्रव्य मात्र दोन्हींत एकच, बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक. शब्द फ्रेंच आहे आणि तो ‘ग्वात्सो’ या इटालियन शब्दावरून आला. त्या शब्दाचा अर्थ पाण्याचे डबके. हा अर्थ आम्हांला नंतर समजला आणि आमच्या पहिल्या चित्राला तो किती शोभून दिसतो ते पाहून हसू आले.

चित्रासाठी आम्ही सीताफळ निवडले. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून नव्हे, तर दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात दुसरे कोणतेही फळ नसते म्हणून. समोर टेबलावर घरातला निळा टेबलक्लॉथ होता. आम्ही इमानदारीने तो निळा रंगवून घेतला आणि मग फळाकडे वळलो. इथे या रंगाचा एक गुण लक्षात आला आणि आम्ही अगदी हरखून गेलो. पारदर्शक रंगात उजेड आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा कागद काळवंडला की पांढरा परत मिळत नाही. ग्वाशमध्ये मात्र आधी काळसर हिरवा भरावा आणि त्याच्यावर फिकट हिरव्याचे एकेक टिंब ठेवीत जावे. अंधारातून एकेक डोळा उघडावा तसे फळ वर येऊ लागते. चुकले तर त्यावर दुसरा रंग द्यावा. जन्मभर लाल शाईने मुलांच्या चुका गोल करीत आलेल्या माणसाला ही सवलत केवढी वाटली असेल याची कल्पना करावी.

मग आम्हांला वाटले, टेबलक्लॉथचा निळा फारच भडक झाला आहे, फळ त्यात बुडून जाते. तेव्हा तो झाकून मातकट पिवळा करावा. आम्ही पिवळी माती आणि पांढरा कालवून निळ्यावर ओढला. पहिल्या फटकाऱ्यात पिवळा दिसला. दुसऱ्यात हिरवट झाला. ते नीट करावे म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा कुंचला फिरवला, आणि जसजसा फिरवला तसतसा खालचा निळा वर येत गेला. पंधरा मिनिटांनी टेबलावरचे कापड नव्हते, फळ नव्हते. हिरवट करड्या चिखलाचे एक डबके तेवढे होते.

रात्री नातीला फोन केला. ती पोट धरून हसली आणि नंतर शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, “आजोबा, हा डिंक कधी मरत नाही. वाळला तरी पाणी लागले की पुन्हा जागा होतो. झाकायचेच असेल तर खालचा थर पुरता वाळू द्या, वरचा रंग सायीसारखा घट्ट घ्या आणि एकदाच ओढा. घोळवत बसू नका. जितके घोळवाल तितके खालचे वर येईल.” आम्ही विचारले, “आणि तरीही वर आले तर?” ती म्हणाली, “तर झाकू नका. ओल्या स्पंजाने उचलून काढा. डाग राहील थोडा, पण चिखल होणार नाही.”

फोन ठेवल्यावर झोप लवकर आली नाही.

झाकणे हे चांगले की वाईट, हा प्रश्न आम्ही आजवर इतक्या सरळपणे स्वतःला कधी विचारला नव्हता. धर्मग्रंथात पाहावे तर तिथे दोन्ही बाजूंना दाखले आहेत. नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायात प्रीती अपराध झाकते असे सांगितले आहे. त्याच पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आपले अपराध झाकणाऱ्याचे बरे होत नाही असेही सांगितले आहे. वर वर पाहता हा विरोध आहे. पण दोन्ही ठिकाणी झाकली जाणारी वस्तू एक नाही. पहिल्या ठिकाणी दुसऱ्याचा अपराध आहे, दुसऱ्या ठिकाणी स्वतःचा. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील नोहाची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. द्राक्षारसाने बेशुद्ध होऊन उघडा पडलेल्या बापाला हामने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. शेम आणि याफेथ मात्र खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आले, आणि न पाहता त्यांनी बापाला झाकले. ते पाठमोरे चालणे आम्हांला फार मोलाचे वाटते. दुसऱ्याची लाज झाकणारा ती पाहतसुद्धा नाही. स्वतःची लाज झाकणारा मात्र तिच्याकडेच तोंड करून बसलेला असतो, आमच्या त्या टेबलक्लॉथपुढे आम्ही बसलो होतो तसा.

स्तोत्रांतही दोन प्रतिमा आहेत. बत्तिसाव्या स्तोत्रात पापावर पांघरूण पडल्याची धन्यता आहे, तर एक्कावन्नाव्यात धुऊन काढण्याची याचना आहे. पहिल्यात पांघरूण घालणारा माणूस नव्हे, परमेश्वर आहे. आणि तेही त्याच स्तोत्रात पाप कबूल केल्यानंतर. हा भेद लहान नाही. चित्रकलेतही या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. गोव्याच्या सांतु इस्तेव्ह येथे जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून भारतीय वेषातील मारिया व येशू रंगविणारे आन्जेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) हे शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. अवनींद्रनाथांच्या परंपरेत चित्र रंगवून झाले की कागद चक्क पाण्यात बुडवून धूत असत. सैल रंग वाहून जाई, उरलेला कागदाच्या अंगात मुरे, मग पुन्हा रंग, पुन्हा धुणे. म्हणजे तिथे झाकण्याचा प्रश्नच नाही, धुण्याचा आहे. मात्र धुऊनही कोरा कागद परत मिळत नाही. जे मुरले ते मुरले. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) आपले ‘पंचीकरण’ सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर शाईने लिहिले. कापडावरची ती शाई धुता येत नाही आणि झाकताही येत नाही. इतके निश्चिंत हात किती जणांना लाभतात? आमच्यासारख्यांना झाकणारा रंगच सोयीचा.

तो रंग आपल्याकडे नवा नाही, हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगितलेच पाहिजे. मोगल आणि दख्खनी लघुचित्रे ज्या माध्यमात रंगविली ते अपारदर्शक जलरंगच होते. जुने चित्रकार आधी रेखाटन करीत, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात देत आणि त्यातून अंधूक दिसणारी रेघ सुधारून पुन्हा काढीत. नंतर रंगाच्या थरावर थर चढवीत आणि मधूनमधून चित्र पालथे ठेवून अकिकाच्या दगडाने घोटीत, म्हणजे थर खाली घट्ट बसत. घाई नव्हती. पण त्यांच्या पांढऱ्यात एक खोड होती. शिशापासून केलेला सफेदा पाण्याच्या रंगात वापरला की हवेतील गंधकाच्या संगतीने तो वर्षानुवर्षांनी काळा पडतो. ज्या पांढऱ्याने झाकले वा उजळले, त्याचाच काळा डाग होऊन बसलेला अनेक जुन्या चित्रांत दिसतो. आजच्या ट्यूबांतला पांढरा निराळ्या धातूंचा असतो, तो असा दगा देत नाही.

याहून बोलके उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या निजामशाहीत सुमारे १५६५ साली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचे फारसी सचित्र हस्तलिखित तयार झाले. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन निजामशहाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायून हिलाही त्यात चितारले होते. पतीच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने राज्य चालविले. पुढे मुलानेच, मुर्तजा निजामशहाने, तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले. हस्तलिखितातील बहुतेक चित्रांतून राणीची आकृती नाहीशी केलेली आहे, आणि ती या पाडावानंतर केली असावी असे अभ्यासक मानतात. पण जागा कुठे जाणार? राजाच्या शेजारी डागाळलेली एक आकृती उरते आणि आता बघणाऱ्याची नजर राजाकडे न जाता प्रथम त्या डागाकडे जाते. बीडची प्रसिद्ध खजाना बावडी १५८२ साली याच मुर्तजाच्या कारकिर्दीत बांधली गेली. दुष्काळातही तिचे पाणी हटत नाही अशी तिची ख्याती आहे. ज्याच्या राज्यात जमिनीखालचे पाणी इतक्या कौशल्याने वर आणले, त्याच्याच काळात चित्रातली आई खाली दडपली गेली. माणसे अशीच असतात.

आता जे टाळीत होतो ते लिहितो.

१९९४ सालच्या सप्टेंबरमध्ये आम्ही सातवीचे वर्गशिक्षक होतो. शाळेची अजिंठा-वेरूळला सहल निघणार होती आणि तिची वर्गणी आमच्याकडे जमा होत होती. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर पाहतो तो तीनशे चाळीस रुपये नाहीत. टेबलाचा खण उघडा होता. वर्गात एक मुलगा होता, धारूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, ऊसतोड कामगारांचा. वर्गणी न भरलेल्या दोघाचौघांपैकी तो एक, आणि मधल्या सुट्टीत वर्गात बसून राहणारा तो एकटाच. डबा आणलेला नसे म्हणून तो बसून राही, हे आम्हांला तेव्हाही ठाऊक होते. आम्ही चाळीस मुलांसमोर त्याला उभे केले आणि त्याचे दप्तर उलटे केले. पैसे निघाले नाहीत. “कुठे लपवलेस?” असे आम्ही विचारले. तो काहीच बोलला नाही. खाली पडलेल्या वस्तू त्याने एकेक करून उचलल्या आणि दप्तरात ठेवल्या. त्यात निळ्या शाईची एक दौत होती, तिचे बूच उडून फरशीवर डाग पडला होता, तो त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसला.

सहलीचे पैसे आम्ही आपल्या पगारातून भरून टाकले. दसरा झाला आणि त्या घरातील कोयता (नवरा-बायकोच्या जोडीला इथे कोयता म्हणतात) मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर साखर कारखान्याच्या फडावर गेला. मुलगाही गेला. दर वर्षीच अशी मुले जात आणि काही चैत्रात परत येत. दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राची पहिली हजेरी मांडताना हजेरीपटाच्या तपकिरी कागदी वेष्टनात बोटांना काही लागले. तीनशे चाळीस रुपये. आम्हीच सुरक्षित राहावेत म्हणून तिथे सरकवून ठेवले होते.

ते पैसे आता आमचेच होते, कारण भरपाई आम्ही केली होती. हिशेबात एका पैशाचाही फरक नव्हता. कोणाला सांगण्याची गरजच उरली नव्हती, आणि आम्ही कोणाला सांगितले नाही. नाताळापूर्वी पापनिवेदन केले. फादरांनी सारे ऐकून एकच विचारले, “त्या मुलाचे काय?” आम्ही म्हणालो, “तो परत आला की वर्गासमोर सांगेन.” पापक्षमा मिळाली. मुलगा परत आला नाही. पुढल्या जूनमध्ये पटावरून त्याचे नाव कमी झाले, ती रेघ आम्हीच ओढली.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही दर वर्षी ऊसतोड कामगारांच्या एकदोन मुलांची वह्यापुस्तके व गणवेश पदरखर्चाने केले. त्यातली काही शिकली, एक जण आज परिचारक आहे. २०१७ साली आमच्या निरोपसमारंभात एका वक्त्याने आम्हांला या मुलांचे कैवारी म्हटले आणि टाळ्या झाल्या. आम्ही हार घालून घेतला. ही मदत खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलाला वही मिळाली त्याच्या दृष्टीने ती वही खरीच होती. परंतु तो सफेदा होता, हेही तितकेच खरे. एका मुलाच्या जागी दुसऱ्या मुलाला वही दिल्याने पहिल्याचे काही फिटत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४८७) हे अगदी रोखठोक मांडलेले आहे. न्याय आणि सत्य यांविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करण्याचे कर्तव्य अपराध्याला क्षमा मिळाल्यानंतरही उरते. आणि दुसऱ्याच्या नावलौकिकाला लावलेला धक्काही या भरपाईतून सुटत नाही. क्षमा देवाकडून येते, ती आम्हांला आली. चाळीस मुलांच्या मनात त्या मुलाचे जे नाव बसले होते ते मात्र फादरांना पुसता येण्यासारखे नव्हते. ते बसविले आम्ही, काढायचेही आम्हीच.

हे सारे आम्हांला गेली तीस वर्षे माहीत नव्हते काय? होते. वाळलेल्या थरासारखे होते. त्या रात्री नात म्हणाली, डिंक कधी मरत नाही, तेव्हा पाणी लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सौभाग्यवतींना प्रथमच सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, तो आता चाळिशी ओलांडलेला बाप्या माणूस. त्याला बायको असेल, मुले असतील. तुम्ही तिथे जाऊन जुने उकरून काढणार. त्याच्या मुलांना आजवर ठाऊक नाही की बापावर चोरीचा आळ होता, ते तुमच्यामुळे कळणार. तुमचे मन हलके करण्यासाठी त्याच्या दारात ओझे टाकून येणार का?”

या प्रश्नाला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. पश्चात्तापाचे देखील एक स्वार्थी रूप असते. चारचौघांत आपली चूक सांगून मोकळे होण्यात एक सुख आहे आणि त्या सुखाचा खर्च पुष्कळदा ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सोसावा लागतो. तो बिचारा विसरू पाहत असतो आणि आपण ओला कुंचला घेऊन घोळवत बसतो. कित्येक गोष्टी झाकलेल्याच राहू देण्यात दया आहे. शेम आणि याफेथ यांनी हेच केले.

पण आम्ही जितका विचार केला तितके एक स्पष्ट होत गेले. शेम आणि याफेथ यांनी बापाची लाज झाकली, ती बापाचीच होती. त्या मुलावर जो डाग आहे तो त्याचा नाहीच. तो आमचा रंग आहे, त्याच्या अंगावर सांडलेला. तो झाकून ठेवणे म्हणजे त्याची लाज झाकणे नव्हे, आमची झाकणे होय. तेव्हा डाग जिथे पडला तिथून आधी उचलला पाहिजे, आणि तो पडला होता वर्गातल्या इतर मुलांच्या मनात. तिथे जायला त्याला काही सोसावे लागणार नाही. सोसायचे ते आम्हांला.

त्या वर्गातले चौघे अंबाजोगाईतच आहेत. आम्ही एकेकाकडे गेलो. पहिल्याचे औषधांचे दुकान आहे. त्याने खुर्ची दिली, चहा मागविला, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाला, “सर, तीस वर्षांपूर्वीचे काय घेऊन बसलात. कोणाच्या लक्षात आहे?” त्याचा हेतू चांगला होता. आम्हांला झाकू पाहत होता. दुसऱ्याला काहीच आठवत नव्हते, सहलसुद्धा नाही. तिसरा शिंपीकाम करतो. आम्ही मुलाचे नाव घेताच तो मशीन थांबवून म्हणाला, “तो चोरीवाला ना, सर?” आम्ही पैसे कुठे सापडले ते सांगितले. त्याने सुई काढली, दोरा ओवला, पुन्हा काढला. मग हळू आवाजात म्हणाला, “त्याचा धाकटा भाऊ पुढे आपल्याच शाळेत आला होता. त्यालासुद्धा दोन वर्षे पोरे ‘तीनशेचाळीस’ म्हणत. मीही म्हणत होतो.”

धाकटा भाऊ त्याच शाळेत होता. आम्हीही त्याच शाळेत होतो, त्याच व्हरांड्यातून रोज जात होतो. आकडा ऐकला असेल, कोणाचा तरी हजेरीक्रमांक असेल असे वाटले असेल. आता काही आठवत नाही. आम्हांला वाटत होते की आम्ही एक मूल दुखावले आणि ते निघून गेले. रंग किती दूरवर पसरला होता हे शिंप्याच्या दुकानात कळले.

चौथा शिक्षक आहे. त्याने काही विचारले नाही, फक्त आम्ही उठलो तेव्हा तोही उठून फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, “सर, मीसुद्धा अशी दप्तरे उलटी केली आहेत.”

मार्गशीर्षात आम्ही धारूरकडच्या त्या खेड्यात जाऊन आलो. त्या दिवसांत तिथली निम्मी घरे बंद असतात. तरणी माणसे फडावर आणि मागे म्हातारी माणसे, जनावरे आणि काही मुले. त्याच्याही दाराला कुलूप होते. शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी तूर निवडीत बसली होती. ती म्हणाली, टोळी कोल्हापूरकडे गेली आहे, पाडव्यानंतर येतील. मोठा आणि धाकटा दोघेही गेले आहेत. “काय काम होते, गुरुजी?”

आम्ही म्हणालो, “थोडे देणे आहे.”

तिने सूप खाली ठेवले. “कशाचे? उचल फिटली न्हाई का त्याची?”

“त्याचे नाही. आमचे त्याला देणे आहे.”

ती आमच्याकडे बराच वेळ बघत राहिली. विश्वास बसलेला दिसला नाही. देणेकरी आपण होऊन दारात येतो हे तिने ऐकले नसावे. पाणी दिले, गुळाचा खडा दिला, आणि पत्ता लिहून ठेवतो म्हटल्यावर म्हणाली, “लिवून कशाला, म्या सांगीन की. पर काय सांगू?” काय सांगावे हे आम्हांलाही सुचेना. धाकट्याला काय म्हणायचे हे तर आम्ही ठरवूनच गेलो नव्हतो. शेवटी एवढेच म्हणालो की पैसे हजेरीपटात सापडले, असा निरोप द्या. त्याला कळेल. तिने तो निरोप दोनदा म्हणून पाहिला.

घरी आल्यावर नातीच्या पेटीतला स्पंज काढून पहिल्या चित्रावर फिरवून पाहिला. पुष्कळसा चिखल निघाला. सीताफळाचा अर्धा भाग त्याबरोबर गेला आणि कागद एके जागी फाटला. निळा मात्र फिकट होऊन तिथेच आहे. ते चित्र टाकून द्या आणि नवा कागद घ्या, असे ती फोनवर सांगते. तूर्त ते कपाटावर ठेवले आहे. बाजारातली सीताफळे संपली. पुण्यात असलेल्या दोघा विद्यार्थ्यांना पत्रे पाठविली आहेत. एकाचे उत्तर आले, दुसऱ्याचे अद्याप नाही. पाडव्यानंतर धारूरकडे पुन्हा जायचे आहे. या वेळी सौभाग्यवतीही बरोबर येणार म्हणतात.